भट्टीचा वरचा घास

अण्णा, चाचांचा पाय भाजला. उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. तुम्ही वर प्लॅटफॉर्मवर आणि ते खाली भट्टीच्या तोंडाशी, असे अठरा वर्षं जोडीनं राबलात ना, तेच चाचा. आणि ते माझ्यामुळं झालं. एवढं आधीच सांगून टाकतो, नायतर बोलता बोलता मी कुठंतरी गंमत करीन आणि खरी गोष्ट तिच्याखाली दाबून जाईल. माझी सवय तुम्हाला काय सांगायची.

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून त्याच फाउंड्रीत आहे, वाळूजला, तुम्ही उभे राहायचे त्याच जागेवर. लोखंडी जिना तोच, फक्त चौथी पायरी बदलली. बजाजनगरातली खोली पण तीच. आई दर दिवाळीला म्हणते रंग देऊ, आणि दिवाळी निघून जाते. दहावीत दोनदा गचकलेल्या पोराला तुम्ही कंपनीत घेऊन आलात आणि साहेबाला म्हणालात, "डोकं चालतं याचं, फक्त भलतीकडं चालतं." साहेब हसला, मी पण हसलो. तुम्ही नव्हते हसले. पहिल्याच महिन्यात मी बाटलीतलं उरलेलं पाणी वाळूवर ओतलं होतं, जिथं आपण दिवसाअखेरचं लोखंड सांडतो तिथं. वाफ कशी फुसफुसते ते पोरांना दाखवायचं होतं. तुम्ही जिना उतरून आलात, घाईघाईनं नाय, सावकाश, आणि सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. कानात शिट्टी वाजत राहिली. "तापलेलं लोखंड या ओल्यावर पडलं असतं तर इथला एक माणूस घरी गेला नसता. लोखंडाला थट्टा कळत नाय," एवढंच बोललात. मंग तीन दिवस मुके. आई ताटं वाढायची आणि आपल्या दोघांच्या मधी बसायची, एकदा तुमच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. चौथ्या दिवशी तुम्ही तुमचे चामड्याचे हातमोजे माझ्या पुढ्यात टाकले. "घाल. हात गेला तर गंमत कशानं करशील?"

ते हातमोजे कवाच फाटले. पण तुमची दुसरी एक गोष्ट माझ्या हातात बसली ती बसलीच. गंगापूरकडं गावी गेलो होतो, पाहुण्यांच्या बोळवणीच्या दिवशी, आई चुलीपुढं भाकरी थापतीये आणि तुम्ही तिच्या बाजूला उकिडवे बसून पऱ्हाट्या मोडून चुलीत घालताय. तुम्हाला घरात सुद्धा जाळ दिसला की हात आवरायचे नाय. "बघ," तुम्ही मला म्हणताय, "कापसाची पऱ्हाटी झटकन भडकती आणि झटकन बसती. हिच्यावर भाकरी होईल, लोखंड व्हायचं नाय. भट्टीतला दगडी कोळशाचा कोक कसा, मांडी घालून बसतो आणि जळत राहतो." आई म्हणते, "लोखंड सोडा, भाकरी जळायली." आणि तिनं शेवटच्या भाकरीच्या आधी एक जाड लाकूड उगंच आत सारलं, लागलं तर असू दे म्हणून. तुम्ही खूश झालात. "भट्टीचं पण असंच असतंय. कागदात लिहिलेल्यावर तिचं पोट भरत नाय. हवा ओली असती, कोकात चुरा असतो. पोटात गार पडली की लोखंड आतच थिजतं, मंग घण घेऊन दोन दिवस फोडत बसा. म्हणून मधूनमधून एक घमेलं कोक जास्तीचं टाकायचं. भट्टीचा वरचा घास." तो घास कंपनीच्या कागदावर कवाच चढला नाय. साहेबाला ठाऊक होतं, तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

तर दोन वर्षांमागं आमच्याकडं मॅडम आल्या. शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या. झालं असं की आपला माल घेणारे बाहेरदेशातले लोक आता विचारायला लागलेत, एका टन लोखंडामागं किती कोळसा जाळला, किती कार्बन हवेत सोडला. आधी फक्त माल चांगला पाहिजे होता, आता धूर पण चांगला पाहिजे. म्हणून वाळूजमधल्या पाच फाउंड्र्या आणि कॉलेज एकत्र आले. एरवी हे पाच मालक एकमेकांना चहा सुद्धा पाजत नाय, पण यात एकत्र बसले. ठरलं काय, तर वैजापूरकडच्या शेतात कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या नुसत्या जाळून टाकतात, त्या आणायच्या, अर्धवट जाळून त्यांचा कोळसा करून दाबायचा, त्याच्या मुठीएवढ्या कांड्या करायच्या, आणि भट्टीत थोडा कोक कमी करून त्या घालायच्या. एका फाउंड्रीत जमलं की किती काय घातलं तो कागद दुसरीला द्यायचा. कोणी काही लपवायचं नाय, ही अट. पहिली पाळी आमची.

मी काय केलं असंल? पहिल्या दिवशी कॉलेजची सहा पोरं हेल्मेट घालून आली, त्यांना सांगितलं की या भट्टीला सलाम केल्याशिवाय कोणी पुढं जात नाय, मागच्या वेळी एकानं केला नाय तर त्याची पॅन्ट पेटली. सहाच्या सहा ओळीत उभे राहून सलाम ठोकत होते तवा मॅडम मागून आल्या. मला वाटलं आता तक्रार. तर त्यांनी पण हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "दादा, आता भट्टी समजावून सांगाल?"

"सोप्पंय, मॅडम. दोन मजली बाई आहे. वरच्या दारातनं खाती. कोक, भंगार, चुनखडी, थरावर थर. खालच्या भोकातनं लोखंड रडती."

"आणि जेवढं खाल्लं तेवढं लिहिता का?"

"गोळी न् गोळी लिहितो."

त्यांच्याकडं लांबून तापमान मोजायची बंदूक होती. मी ती घेऊन सुपरवायझरच्या कपाळावर धरली. "चौतीस! साहेब गार पडलेत मॅडम, वरून कोक टाकायला लागतोय." लई हसले सगळे. सुपरवायझर सुद्धा. त्या दिवसापासून मॅडम आल्या की वर तोंड करून आधी मला हाक मारायच्या. वरचा कागद पण माझ्याच हातात दिला. किती कोक, किती कांड्या, मी लिहायचं. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, याच्यावर एक माणूस ठेवा. त्या म्हणाल्या, "नको, दादा लिहितात ते बरोबर असतं."

पहिल्या ट्रायलला तासभर झकास चाललं. लोखंड पिवळंधम्मक, झऱ्यासारखं. मंग त्याचा रंग उतरायला लागला. आधी केशरी, मंग विटेसारखा लाल. तुम्ही सांगितलं होतं तसंच, झटकन भडकली होती आणि झटकन बसत होती. खालून सुपरवायझर बोंबलला, "वर झोपला का रे मेल्या?" मी कठड्यावरून वाकून बघितलं. मॅडम भोकापासून चार पावलांवर उभ्या होत्या, आणि तोंड असं, जसं निकालाच्या दिवशी माझं असायचं. मी दोन घमेली कोक उचलला आणि आत ओतला. विचार केलाच नाय. हात आपोआप गेले. अर्ध्या तासानं लोखंड परत पिवळं. मॅडमनी वर बघून टाळ्या वाजवल्या, हातमोजे घातलेल्या टाळ्या, फट फट आवाजाच्या. "दादा, जमलं!" अण्णा, माझ्यासाठी आजवर कोणी टाळी वाजवली नव्हती. लोक मला हसलेत, मारलंय पण, पण टाळी नाय. कागदावर मी जेवढं ठरलं होतं तेवढंच लिहिलं.

पुढच्या ट्रायलला मी लोखंड लाल व्हायची वाट बघितली नाय. दर तिसऱ्या थराला एक घमेलं, पहिल्यापासून. त्यात थोडी भीती होती, भट्टी थिजायची. थोडी गंमत पण होती. त्यांचं एक मशीन होतं, धुराड्याला नळी लावून धूर मोजायचं. मी म्हटलं बघू, हे मशीन मला पकडतंय का. आणि पकडलं त्यानं. एक दिवस मॅडम जिना चढून वर आल्या, धापा टाकत. "दादा, धुरात कार्बन जास्त दाखवतंय. एवढ्या कोकला एवढा यायला नको. वर काही वेगळं पडतंय का?"

सरळ विचारलं होतं. तवा "व्हय" म्हणलो असतो तर हे सगळं तिथंच संपलं असतं.

"मॅडम, मशीनला चष्मा लावा," मी म्हणालो. त्या हसल्या. मशीन तपासायला पाठवून दिलं.

मंग बाकीच्या फाउंड्र्यांना बघायला बोलावलं. पेढे वाटले. चाचा पण त्यांच्या मालकाबरोबर आले होते. तुम्ही गेल्यावर ते कोपऱ्यावरच्या फाउंड्रीत गेले, दुसरी पाळी त्यांचीच होती. दाढी सगळी पांढरी झालीये. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाप का नाम रखा रे तू." मी म्हणालो, "चाचा, पेढा घ्या, फुकट आहे."

त्यांच्याकडं कागदाबरहुकूम केलं. बरोबर कागदाबरहुकूम, एक घमेलं जास्त नाय. दुसऱ्या तासाला लोखंड लाल झालं, मंग घट्ट झालं, आणि भोकात मळी, लोखंडावरची घाण, येऊन बसली. वरचा माणूस कागद धरून उभा. चाचा खालून पहारीनं भोक मोकळं करायला गेले. तुमच्या वेळेला शंभरदा केलं असंल त्यांनी. पण आत गार पडलेल्या गोळ्यामागं थोडं लोखंड पातळ होतं, ते एकदम सुटलं आणि बुटात गेलं. बुटात गेलेलं लोखंड झटकून टाकता येत नाय, तुम्हाला माहीत आहे. बूट काढेपर्यंत ते आपलं काम करतं.

मी दवाखान्यात गेलो, पण वॉर्डाच्या दारातनं परत फिरलो. आईला म्हणालो भेटून आलो. तिनं विचारलं, "डबा दिला का?" डबा मी वाटेत एका कुत्र्याला घातला होता. "दिला," मी म्हणालो.

त्यानंतर सगळं बंद पडलं. मालक म्हणाले, ये अपने बस का नहीं. कांड्यांची पोती आमच्या शेडमधी पडून राहिली, त्यांना बुरशी आली. मॅडम तरी यायच्या. उलट्या घमेल्यावर बसायच्या, मांडीवर माझेच कागद, एकेक आकडा परत परत. त्या दोन महिन्यांत त्या लई उतरल्या. एकदा मान वर न करता म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडं जमलं आणि तिकडं नाही. माझंच काहीतरी चुकलंय. कुठं चुकलं असेल?" मला एक विनोद सुचला होता. आला तोंडाशी आणि तिथंच थिजला.

मागच्या आठवड्यात कॉलेजमधी शेवटची बैठक झाली. पाची मालक, आम्ही कामगार, कॉलेजचे मोठे सर. मॅडम उठून म्हणाल्या, चूक माझ्या गणिताची होती, एका माणसाचा पाय त्यात गेला, मी हे काम सोडते. त्यांचा आवाज सरळ होता, हातात कागद. चाचा शेवटच्या रांगेत काठी घेऊन बसले होते. आणि मी उठलो. मी खरंच सगळं सांगायला उठलो होतो, अण्णा. "मॅडमचं गणित बरोबर आहे," मी म्हणालो, "वरून कोक पडत होता. मी टाकत होतो." माझा मालक अर्धवट उठला. त्याचं तोंड बघितलं, आणि पुढचं वाक्य तोंडातनं आपोआप निघालं. "आमच्या अण्णांची पद्धत होती. त्यांनीच शिकवलं. वरचा घास म्हणतात. कागदावर न लिहिता टाकायचा."

मला वाटलं मारतील. तर मोठे सर पुढं आले आणि म्हणाले, बघा, हे जुन्या माणसांचं ज्ञान, हे आपल्या कागदात कधी आलंच नाही, चूक आपली आहे, आपण यांना विचारलंच नाही. आणि त्यांनी टाळी वाजवली. मंग सगळ्यांनी. मालक पण बसल्या जागी वाजवायला लागला. ठरलं की काम परत सुरू करायचं, या वेळेला वरचा घास धरून. सर म्हणाले, अहवालात वडिलांचं नाव देऊ, फोटो आहे का? मी फोटो दिला. खंडेनवमीला भट्टीला हार घातला होता, तुम्ही शेजारी नवा सदरा घालून उभे आहात, तो. मोबाईलमधी होता.

मॅडम टाळी वाजवत नव्हत्या. त्या कागदाच्या मागं काहीतरी लिहीत होत्या. पायऱ्यांवर मला गाठलं. चिडल्या नाय. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दर तिसऱ्या थराला एक घमेलं?"

"व्हय."

"प्रत्येक ट्रायलला?"

"व्हय, मॅडम."

"मग आपण काहीच वाचवलं नव्हतं. धूर तेवढाच होता, दादा." मंग थोडं थांबून, "मशीन बरोबर होतं." आणि खाली उतरून गेल्या. त्यांनी मला अजून पण दादा म्हटलं, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

चाचांना मी गाडीवर सोडायला गेलो. त्यांच्या दारात उतरवलं, काठी हातात दिली. मला पळायचं होतं. त्यांनी गाडीची चावी काढून घेतली.

"बैठ." ओट्यावर बसलो. "तेरा बाप घमेला डालता था, सही बात. और डालने के बाद क्या करता था?"

मी त्यांच्या हातातल्या चावीकडं बघितलं.

"बोल ना."

"कठड्याच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारायचे. बाहेरच्या बाजूनं."

"किसके वास्ते?"

"तुम्हाला खालून दिसावी म्हणून."

"अठरा साल मैं वो लकीरां गिन के भोक खोला. कितनी लकीर, कितना कोक, मेरेकू नीचे मालूम रहता था. तेरे बाप ने साहब से छुपाया होगा, मेरे से एक घमेला नै छुपाया." त्यांनी पाय हातानं उचलून सरळ केला. "पेढे बाटे ना तुम लोगां, उस दिन मैं पहले पत्रा देखा. पूरा देखा. लकीर नै थी. मैं मेरे सेठ को बोला, बेफिकर रहो, उसका बच्चा है, डाला होता तो लकीर मारता."

आतून चाचींनी चहा आणला. मी कप घेऊन खाली ठेवला.

"तिथं का बोलला नाय, चाचा? सगळ्यांसमोर?"

"क्या बोलता? तेरी नौकरी जाती. तेरा बाप तो सुनने वाला नै." त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. "पर वो फोटो नै देना था रे."

मॅडमला हे सगळं लिहून द्यावं म्हणून आज सुट्टीच्या दिवशी कागद घेऊन बसलो. आई बाजूला मेथी निवडतीये, विचारती, काय लिहितो एवढं, तुला कवापासून लिहायला यायलं. मॅडमच्या जागी तुम्हालाच हाक मारून बसलो, आणि मंग तसंच चालू ठेवलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाय. हा कागद मॅडमकडं जाणार नाय, एवढं मला आताच कळतंय. अहवाल छापायला गेलाय. त्यात लिहिलंय की जुने भट्टीवाले कोणालाही न सांगता कोक टाकायचे, आणि त्याच्याखाली तुम्ही नव्या सदऱ्यात उभे आहात.

आणि चाचांना मी ओट्यावर शेवटी म्हणालो, "रेघ मारायचं विसरलो, चाचा." ते म्हणाले, "होता है." अण्णा, मी विसरलो नव्हतो. रेघ मारली असती तर मॅडमला दिसली असती, आणि टाळी थांबली असती. खडू खिशात होता.